पक्षिप्रेम आणि पोटापाण्याचा प्रश्न

बारावीनंतर जीवशास्त्र शिकायचे, पण डॉक्टर व्हायचे नाही, असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती सलीम अलींचे ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’ (१९८५) हे आत्मचरित्र द्यावे, असे कोणाही शिक्षकाला वाटेल. पुस्तक रसाळ आहेच. परंतु आयुष्याची वाट ठरवण्यासाठी ते वाचले, तर फसगत होण्याचा संभव आहे.

आधी त्याचे बळ पाहू. १९३० मध्ये सलीम अली जर्मनीहून परतले, तेव्हा मुंबईच्या संग्रहालयातली त्यांची जागाच रद्द झालेली होती. ते अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले आणि सुगरण पक्ष्याची वीण दिवसेंदिवस न्याहाळत बसले. नाव ‘सुगरण’ असले, तरी घरटे विणतो नर. अर्धवट घरटे मादीने पसंत केले की तो ते पुरे करतो आणि मग नवे घरटे, नवी मादी. हा क्रम त्यांना उमगला तो चिकाटी आणि नोंदवही यांच्या जोरावर. जीवशास्त्र म्हणजे काय, हे वर्गात पटवून द्यायला हा भाग फार उपयोगी आहे.

उणीव आहे ती पैशाच्या हिशोबात. विद्यापीठाची रीतसर पदवी नसल्यामुळे भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेतली जागा त्यांना मिळाली नव्हती. पुढे संस्थानांतली पक्षी-सर्वेक्षणे त्यांनी मोबदला न घेता, केवळ खर्चावर केली. लेखकाच्या मिस्कील शैलीत हे सारे साहसासारखे वाटते. पण अशी बिनपगारी वर्षे शेतमजुराच्या मुलीने कशी काढावीत, याचे उत्तर पुस्तकात नाही.

शिवाय, कोइमतूरजवळ १९९० मध्ये त्यांच्याच नावाने स्थापन झालेल्या संस्थेत आज संशोधक व्हायचे, तर पदव्युत्तर पदवी लागते. बी.एस्सी., एम.एस्सी., पीएच.डी. ही वाट लांबची. पण त्या वाटेवर नेट परीक्षेतून मिळणारी संशोधनवृत्ती आहे, भारतीय वनसेवा आहे, लसनिर्मिती, बियाणे, मत्स्यव्यवसाय यांतल्या नोकऱ्या आहेत. त्यांसाठी रसायनशास्त्र आणि संख्याशास्त्र यांची तयारी पहिल्या वर्षापासूनच हवी.

म्हणून पुस्तक जरूर द्यावे, किहीमचा भाग तर मोठ्याने वाचून दाखवावा. मात्र त्याच तासाला शिष्यवृत्त्या आणि प्रवेशपरीक्षा यांची माहितीही फळ्यावर लिहावी. तेवढ्या माहितीअभावी एखादी चांगली निरीक्षक मुलगी या शास्त्राला मुकू नये.