गिटारची मेजर सेव्हन्थ आणि आपले गायन

पांझरेच्या उत्तर काठी, देवपुरातल्या आमच्या घरी गिटार आली ती मुलांसाठी. शिकण्याचा नाद मात्र आम्हांला लागला. उतारवयातल्या बोटांनी तारा दाबताना जे उमगले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत. विषय एकाच कॉर्डचा आहे. पण तिच्या निमित्ताने आपल्या गायनवृंदांच्या साथीविषयी चार शब्द बोलणे अगत्याचे वाटते.

साधी सी मेजर म्हणजे सा, ग, प. तिला शुद्ध निषादाची जोड दिली की मेजर सेव्हन्थ होते. कोमल निषाद घातला, तर ती नुसती सेव्हन्थ. नवशिके येथेच फसतात. गिटारवर ही कॉर्ड आश्चर्य वाटावे इतकी सोपी आहे. सी मेजरमध्ये अनामिका पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर, मधले बोट चौथ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर आणि तर्जनी दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर असते. तर्जनी तेवढी उचलावी. दुसरी तार मोकळी होते आणि निषाद बोलू लागतो.

शुद्ध निषाद हा आपल्या कानाला षड्जाकडे ओढ घेणारा स्वर. येथे तो षड्जात विरत नाही, त्याच्या सहवासात थांबून राहतो. म्हणून या कॉर्डमध्ये शांती आणि हुरहूर एकत्र नांदतात. फ्रेंच संगीतकार एरिक साती याच्या १८८८ मधल्या पहिल्या ‘जिम्नोपेदी’त आरंभी जी आणि डी यांच्या मेजर सेव्हन्थ आळीपाळीने येत राहतात. कोठे पोहोचण्याची घाई नाही; हेच त्या रचनेचे सौंदर्य.

हा परका अनुभव आहे, असेही आम्ही मानीत नाही. हंसध्वनीचे स्वर सा, रे, ग, प, नि. ही सबंध कॉर्ड त्यात सामावते. पूरियासाठी तानपुऱ्याची पहिली तार निषादात लावतात, तेव्हा नि आणि सा यांचा हाच सहवास मैफलभर घुमत राहतो.

मग तक्रार कसली? तक्रार आहे ती या कॉर्डच्या अविचारी वापराविषयी. एफ मेजरसाठी तर्जनी सर्व तारांवर आडवी दाबावी लागते. ते जमेना, की पहिली तार मोकळी सोडून एफ मेजर सेव्हन्थ वाजविली जाते आणि तिलाच एफ म्हटले जाते. आम्हीही कित्येक महिने हेच केले. असमर्थतेला अलंकार म्हणण्याचा हा मोह आहे. निवडून वाजविलेली कॉर्ड आणि नाइलाजाने वाजलेली कॉर्ड यांतला फरक ऐकणाऱ्याला सांगता आला नाही, तरी जाणवतो.

दुसरा दोष चालीकडे दुर्लक्ष करण्याचा. चाल भूपातली असेल, तर त्यात निषाद वर्ज्य. पंचमाच्या कॉर्डमध्येही निषाद येतो, हे खरे. परंतु तो येतो आणि षड्जात मिटतो. मेजर सेव्हन्थ त्याला खुद्द षड्जाच्या घरी मुक्कामाला बसविते. भूपाची प्रसन्न सरळता तेथे हरवते.

तिसरा दोष शेवटाचा. गीत संपताना सारे गायक षड्जावर स्थिरावतात. त्याच क्षणी गिटारचा निषाद अर्ध्या स्वराच्या अंतरावरून त्यांच्याशी घासतो. ज्यांचा स्वर कच्चा, ते डळमळतात. गाणाऱ्यांना आधार देणे हे साथीचे पहिले काम. तेच येथे चुकते.

मजोर्ड्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) यांनी १९५८ साली मुंबईत इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभारून राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालण्याचा प्रयत्न केला. पुढे चित्रपटगीतातल्या नावाने ते घरोघरी पोहोचले. त्यांचा हा ध्यास मात्र थोड्यांनाच ठाऊक आहे. रागाला स्वरमेळाची जोड द्यायची, तर आधी राग जाणून घ्यावा लागतो, हा धडा आपल्या गिटारवादकांनी त्यांच्या वाटेवरून घ्यावा.

तरुणांना आमचे सांगणे एवढेच : आधी चाल गळ्यात बसवा, तिचे स्वर ओळखा, मग कॉर्ड निवडा. मेजर सेव्हन्थ दोन कडव्यांमधल्या मोकळ्या जागेत, गायक श्वास घेत असताना वाजवून पाहा. तेथे ती शोभते. शेवटी मात्र तर्जनी पुन्हा दुसऱ्या तारेवर ठेवावी. आम्हांलाही हे अजून दर वेळी साधत नाही.