एड्स-जागृतीचे महाविद्यालयीन पथनाट्य : संहितेचा पुनर्विचार

प्रस्तुत लेखात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांकडून सादर होणाऱ्या एड्स-प्रतिबंधक पथनाट्यांचा संहिता म्हणून विचार करावयाचा आहे. दरवर्षी १ डिसेंबरच्या मागेपुढे, तसेच राष्ट्रीय सेवा योजनेच्या विशेष श्रमसंस्कार शिबिरांत ही पथनाट्ये गावोगाव होतात. अहवालात त्यांची नोंद होते, छायाचित्रे चिकटवली जातात, प्रयोगांची व प्रेक्षकांची संख्या तक्त्यात भरली जाते. परंतु त्या संहितेत नेमके काय बोलले जाते, कोण बोलतो आणि कोणाला उद्देशून बोलतो, याकडे साहित्याच्या अभ्यासकाचे लक्ष क्वचितच जाते. प्रस्तुत लेखकाने कार्यक्रम अधिकारी म्हणून आणि पुढे स्पर्धांचा परीक्षक म्हणून अनेक वर्षे ही पथनाट्ये पाहिली. काहींच्या संहिता स्वतः लिहून दिल्या. त्यामुळे पुढील विवेचनात जो दोषारोप आहे त्याचा वाटा लेखकाकडेही येतो.

या पथनाट्यांचे श्रेय प्रथम मान्य केले पाहिजे. भारतात एचआयव्हीचा पहिला शोध १९८६ साली चेन्नई येथे लागला. १९९१ मध्ये राष्ट्रीय सेवा योजनेने 'युनिव्हर्सिटीज टॉक एड्स' हा उपक्रम हाती घेतला आणि विद्यापीठीय तरुण या विषयावर उघडपणे बोलू लागले. पुढे महाविद्यालयांतून रेड रिबन क्लब स्थापन झाले. १ डिसेंबर २००७ रोजी दिल्लीहून रेड रिबन एक्स्प्रेस निघाली. त्याच २००७ साली महाराष्ट्रात शालेय लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमावर बंदी आली, ही बाब येथे मुद्दाम नोंदवावीशी वाटते. वर्गात शिक्षकाला जो शब्द उच्चारण्याची मुभा नव्हती तो शब्द एकोणीस-वीस वर्षांची मुले-मुली डफाच्या तालावर, ग्रामपंचायतीसमोर, आजोबा-आजींच्या देखत उच्चारीत होती. निरोधाचे नाव घेताना चाचरणारी आणि तरीही ते घेणारी मुलगी ज्याने पाहिली आहे, तो या चळवळीला क्षुल्लक म्हणणार नाही.

मात्र या संहितांचा साचा विलक्षण एकसारखा आहे. मुले गोल करतात, 'ऐका हो ऐका'ची आरोळी होते. चांगल्या घरचा एक मुलगा नोकरीसाठी शहरात जातो. कधी तो ट्रकचालक असतो. मित्र त्याला दारू पाजतात आणि 'त्या' गल्लीत नेतात. तेथे ओढणी घेतलेला एक मुलगा स्त्रीच्या भूमिकेत लाडिक चालतो आणि प्रेक्षकांत हशा पिकतो. पुढच्याच प्रसंगी नायक खोकू लागतो. पांढऱ्या कोटातला डॉक्टर येऊन खणखणीत आवाजात सांगतो, 'याला एड्स झाला आहे!' आई हंबरडा फोडते, पत्नी कपाळ बडवते, काळ्या कपड्यातला एड्सासुर विकट हास्य करीत नायकाला घेऊन जातो. त्यानंतर संक्रमणाचे मार्ग सांगितले जातात, रुग्णांशी प्रेमाने वागण्याचे आवाहन होते आणि प्रयोग संपतो.

डॉक्टरच्या प्रवेशाचाच विचार करू. रुग्णाचा अहवाल तो भर चौकात जाहीर करतो. चाचणीपूर्वी संमती, समुपदेशन, अहवालाची गोपनीयता या गोष्टी चाचणी केंद्रांच्या कार्यपद्धतीत फार पूर्वीपासून आहेत. एचआयव्ही व एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ ने त्यांना कायद्याचे बळ दिले आणि तो १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आहे. तरीही रंगमंचावरचा डॉक्टर ओरडतो, कारण पथनाट्यात ओरडल्याशिवाय ऐकू जात नाही. पण शेवटच्या रांगेत उभा असलेला तरुण, जो चाचणी करावी की नाही या विचारात आहे, तो या प्रसंगातून काय शिकतो? चाचणी केली की गावभर होते, हेच.

गल्लीतल्या त्या स्त्रीला तर नावही नसते. ती केवळ रोगाचे उगमस्थान म्हणून येते. तिला संसर्ग कोणाकडून झाला हा प्रश्न संहितेला पडत नाही. हा दोष केवळ हौशी विद्यार्थ्यांचा आहे असे नाही. २००२ च्या अखेरीस मुंबईत मोठमोठ्या फलकांवरून गाजलेल्या 'बलबीर पाशा' या जाहिरात मोहिमेतही वेश्याव्यवसायातील स्त्री संसर्गाचे वाहक म्हणूनच उभी होती आणि त्यावर स्त्री-संघटनांनी आक्षेप घेतले होते. व्यावसायिक जाहिरातदारांना जे टाळता आले नाही ते विद्यार्थ्यांनी टाळावे ही अपेक्षा कदाचित जास्त असेल; पण संहिता तपासून देणारे प्राध्यापक आपणच असतो.

नायकाचा मृत्यू हा या साच्याचा कणा आहे आणि तोच आज सर्वांत जुना झालेला भाग आहे. १ एप्रिल २००४ पासून शासनाने निवडक केंद्रांतून विषाणूरोधक औषधे मोफत देण्यास सुरुवात केली. २०१७ पासून निदान होताच उपचार सुरू करण्याचे धोरण आले. वेळेवर व नियमित औषधे घेणारी व्यक्ती आज जवळजवळ सर्वसामान्य आयुर्मान जगू शकते. पथनाट्यातला नायक मात्र पुढच्याच प्रवेशात मरतो.

याहून सूक्ष्म आणि, माझ्या मते, अधिक गंभीर दोष भाषेत आहे. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असा भेद आहे. 'आम्ही'त ऐकणारा वगळला जातो, 'आपण'मध्ये तो सामावला जातो. पथनाट्याचे सर्व बळ या 'आपण'वर उभे असते. समूहाने 'आपण' म्हटले की नट आणि प्रेक्षक यांच्यातील रेघ पुसली जाते. आता शेवटचे नेहमीचे वाक्य पाहू : 'एड्सग्रस्तांशी आपण प्रेमाने वागले पाहिजे.' वाक्य सद्भावनेचे आहे, त्यात द्वेषाचा लवलेश नाही. पण त्यात 'आपण' म्हणजे निरोगी आणि 'एड्सग्रस्त' म्हणजे इतर, अशी वाटणी व्याकरणानेच करून टाकली आहे. गोल करून उभ्या असलेल्या त्या गर्दीत संसर्गित व्यक्ती असू शकते, इतकेच नव्हे तर ती नटांच्या गोलातही असू शकते, ही शक्यता वाक्यरचनेनेच नाकारली आहे. कलंक म्हणजे केवळ शिवी किंवा बहिष्कार नव्हे; एखाद्याला 'आपण'मधून वगळून त्याच्याविषयी कळवळ्याने बोलणे हेही त्याचेच एक रूप आहे.

हा मुद्दा मला कोणत्याही सिद्धान्तग्रंथातून सुचलेला नाही. काही वर्षांपूर्वी माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात एक जुनी विद्यार्थिनी भेटली. तिची ओळख पटेल असा तपशील येथे मुद्दाम वगळला आहे. ती जन्मापासून एचआयव्हीसह जगत होती. शिबिरात रात्री नऊच्या सुमारास पाण्याची बाटली घेऊन ती शाळेच्या मागच्या बाजूला का जाई, हे मला तेव्हा समजले. आमच्या पथनाट्यात ती समूहात होती. त्या पथनाट्याला एका स्पर्धेत पहिले पारितोषिक मिळाले होते आणि संहिता माझी होती. मृत्यूच्या प्रसंगानंतरच्या घोषणेविषयी ती म्हणाली, 'सर, त्या ओळीला माझा आवाज सगळ्यांत मोठा असायचा. कुणाला शंका येऊ नये म्हणून.' तिच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. मी काय उत्तर दिले ते मला आठवत नाही. बहुधा काहीच दिले नसावे.

येथे पथनाट्याच्या परंपरेचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. १९८३ साली स्त्री मुक्ती संघटनेने ज्योती म्हापसेकर यांचे 'मुलगी झाली हो' गावोगाव नेले तेव्हा स्त्रियांच्या दुःखाविषयी स्त्रियाच बोलत होत्या. ज्याच्यावर अन्याय होतो तो स्वतः चौकात उभा राहतो, हे या प्रकाराचे सामर्थ्य. एड्सविषयक पथनाट्याने डफ, गोल आणि घोषणा घेतल्या, पण बोलणारा बदलला. संसर्गित माणूस तेथे वक्ता न राहता धडा झाला.

असा वक्ता नव्हताच असे मात्र म्हणता येत नाही. गोव्यातील डॉमनिक डिसोझा या तरुणाला १९८९ मध्ये, रक्तदानानंतर एचआयव्ही आढळला म्हणून, तेथील सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली ताब्यात घेऊन चौसष्ट दिवस एकांतात ठेवण्यात आले. त्याच्या आईने दाखल केलेल्या याचिकेत मुंबई उच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला. परंतु डॉमनिक गप्प बसला नाही. मित्र, नातलग यांच्यासह तो उघडपणे लढला आणि १९९२ मध्ये, मृत्यूच्या थोडेच आधी, त्याने 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी केली. त्याच्या जीवनावर बेतलेला ओनिर यांचा 'माय ब्रदर निखिल' (२००५) हा चित्रपट संयत आणि प्रामाणिक आहे. तरीही त्यात निखिलची गोष्ट त्याचे आप्त व मित्र कॅमेऱ्याकडे पाहून सांगतात. जो माणूस प्रत्यक्षात स्वतः बोलला, त्याच्याविषयी पडद्यावर इतरांनी बोलावे, हा योगायोग मला विचार करण्यासारखा वाटतो.

महाराष्ट्रात वेगळी वाट दाखवणारे प्रयोग आहेत. सांगलीच्या वेश्या अन्याय मुक्ती परिषदेच्या स्त्रियांनी 'माय मदर, द घरवाली, हर मालक, हिज वाइफ' हे नाटक स्वतः उभे केले. ओढणीतल्या मुलाच्या जागी तेथे त्या गल्लीतलीच माणसे बोलू लागली. लातूर जिल्ह्यात हासेगाव येथे रवी बापटले यांनी २००७ मध्ये सुरू केलेल्या 'सेवालय'ची गोष्ट तर आपल्या विद्यार्थ्यांच्या वयाच्या मुलांची आहे. आरंभी गावातल्या शाळेत या मुलांशेजारी आपली मुले बसवण्यास पालक तयार नव्हते. ती मुले मोठी झाली आणि 'हॅपी म्युझिक शो' घेऊन ठिकठिकाणी गाऊ-नाचू लागली. तेथील वसाहतीचे नाव 'हॅपी इंडियन व्हिलेज' असे आहे. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांतून जो शब्द तयार होतो तो सांगण्याची आवश्यकता नाही. आरोग्यशिक्षणाचे कोणतेही व्याख्यान न देता, केवळ समोर नाचणारा तरुण संसर्गित आहे हे कळल्याने, मृत्युदृश्याची सारी मांडणी कोसळते. या कार्यक्रमांतही करुणेचे आवाहन आणि देणग्यांची विनंती असते, हे मान्य करूनही हा फरक मूलभूत आहे.

यावर एक रास्त आक्षेप संभवतो. भीतीने माणसे सावध झाली असतील तर ती वाईट का? औषधे नव्हती त्या काळात भीतीखेरीज साधनच कोणते होते? हा युक्तिवाद १९९५ साली मी स्वतः केला असता. परंतु प्रतिबंधाचे शास्त्रच त्यानंतर बदलले आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'एचपीटीएन ०५२' या आंतरराष्ट्रीय अभ्यासात, ज्यात पुणे आणि चेन्नई येथील जोडपीही सहभागी होती, लवकर उपचार सुरू केल्यास जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटतो असे दिसले. पुढील अभ्यासांनी असेही दाखवून दिले की, औषधांमुळे ज्याच्या रक्तातील विषाणूभार मोजता येण्याच्या पातळीखाली राहतो, त्याच्याकडून लैंगिक संबंधातून संसर्ग होत नाही. याचा अर्थ असा की आज प्रतिबंधाची वाट चाचणी आणि उपचार यांतून जाते. जे नाट्य चाचणीची धास्ती निर्माण करते ते कलंक वाढवतेच, शिवाय प्रतिबंधालाही अपाय करते. प्रतिबंध आणि कलंकनिवारण हे दोन स्वतंत्र उद्देश म्हणून आपण अहवालात लिहितो. ती विभागणी आता टिकत नाही.

उपरोक्त अधिनियमाने एचआयव्हीविषयक माहितीचे कार्यक्रम कलंक न लावणारे असावेत अशी अपेक्षा शासनाकडून केली आहे. संसर्गित व्यक्तींविषयी द्वेष पसरवणाऱ्या शब्द, चिन्हे वा दृश्यांना कलम ४ ने मनाई आहे. विद्यार्थ्यांचा एड्सासुर त्या कलमात बसतो असे मी म्हणत नाही. त्यामागे तसा हेतू नसतो. मात्र ज्या कार्यक्रमाला आपण शासकीय अनुदान घेतो त्याची संहिता या कसोटीवर एकदा वाचून पाहण्यास हरकत नसावी.

अलीकडच्या एका शिबिरात विद्यार्थ्यांनी माझी जुनी संहिता मोडून नवी केली. मृत्यू वगळला. गल्ली वगळली. 'आपण' कुठे येतो ते त्यांनी लाल शाईने तपासले आणि शेवटचे वाक्य 'आपल्यापैकी कुणालाही हे असू शकते, गोळी घेतली की झाले' असे साधे केले. डॉक्टरच्या प्रसंगावर बराच वाद झाला. अखेर डफ थांबवायचा आणि डॉक्टरने नायकाच्या कानाशी वाकून हळू बोलायचे असे ठरले. प्रयोगात चौक एकदम शांत झाला. मागून कोणीतरी ओरडले, 'काय सांगितलं ओ?' समूहातल्या मुलीने संहितेत नसलेले उत्तर दिले, 'ते त्याचं त्याला.' लोक हसले, पण ते हसणे पूर्वीचे नव्हते. पुढे स्पर्धेत हेच पथनाट्य सादर झाले तेव्हा परीक्षकांनी शब्दफेकीचे गुण कापले. शेरा होता की महत्त्वाचा संवाद प्रेक्षकांपर्यंत पोहोचला नाही.