‘माझा प्रवास’ : दक्षिणा, लूट आणि पत

वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’ हे पुस्तक १८५७ च्या उठावाचा प्रत्यक्षदर्शी वृत्तांत म्हणून मराठीत मान्यता पावले आहे. चिं. वि. वैद्य यांनी ते १९०७ मध्ये संस्कारित स्वरूपात प्रसिद्ध केले. मूळ संहिता दत्तो वामन पोतदार यांच्या संपादनातून १९६६ मध्ये वाचकांसमोर आली. संहिताभेद आणि ऐतिहासिक विश्वासार्हता या दोन प्रश्नांभोवतीच समीक्षा प्रामुख्याने फिरत राहिली. भोरच्या वर्गात हे पुस्तक शिकवीत असता वेल्ह्याकडून येणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, एवढ्या धामधुमीत ते पैसे ठेवत कुठे होते?” प्रश्न भाबडा वाटला, तरी संहितेच्या गाभ्याला हात घालणारा होता.

गोडसे तीर्थयात्रेच्या ओढीने घराबाहेर पडले, हे अर्धेच खरे. घरी कर्ज होते आणि बायजाबाई शिंदे यांच्या सर्वतोमुख यज्ञाची वार्ता आली होती. काका रामभट यांच्यासह निघालेला हा तरुण भिक्षुक द्रव्यार्जनासाठी ‘हिंदुस्थाना’त जातो. कोकणातील माणसाला तो त्या काळी परमुलुखच होता. भाषा निराळी, राज्ये निराळी आणि अनेक संस्थानांची नाणीही निराळी. मोठ्या रकमेसाठी सावकारी पेढ्यांची हुंडी असे. दर्शनी हुंडी दाखवताच पैसे मिळत, मुदती हुंडीला ठरलेला काळ थांबावे लागे. मात्र हुंडी वटण्यासाठी दूरच्या पेढीवर पत आणि निर्धोक वाटा लागत. वाटाच बंद पडल्यावर कमरेचा कसा आणि नशीब एवढेच हाती उरते.

झाशीचा पाडाव झाल्यानंतर गोऱ्या शिपायांच्या लुटीत चुलत्या-पुतण्यांची मिळकत गेली. येथे निवेदनाचा सूर पाहण्याजोगा आहे. राणीच्या पराक्रमाविषयी लिहिताना भारावणारी लेखणी स्वतःच्या द्रव्यनाशाविषयीही तितक्याच आस्थेने लिहिते. काही वाचकांना यात क्षुद्रता दिसते. मला ती या पुस्तकाची सचोटी वाटते. इतिहासाच्या भव्य घटनेत सापडलेला सामान्य माणूस आपली गाठ सोडत नाही, हे गोडसे लपवीत नाहीत.

तथापि एक गोष्ट ते स्वतः पाहत नाहीत. सर्वस्व गेल्यावरही पुढल्या गावी त्यांना आश्रय आणि दक्षिणा मिळू शकते, कारण वेदपठण आणि जात ही त्यांची न लुटली जाणारी पत आहे. त्याच वर्षी आमच्या मावळातला एखादा कुणबी उत्तरेत नागवला गेला असता, तर त्याला कोणत्या वाड्यात पान वाढले गेले असते? ‘माझा प्रवास’ला धैर्यकथा म्हणताना हा प्रश्न बहुधा गाळला जातो. गोडशांचे धैर्य नाकारण्याचे कारण नाही. पण त्यामागचा सामाजिक आधारही मोजला पाहिजे.

पुढे मराठी प्रवासी समुद्रापार गेला, तशी पैशाची अडचणही बदलली. स्वातंत्र्योत्तर काळात लुटारूपेक्षा परकीय चलनाच्या मर्यादेचा जाच अधिक होता. १९७३ च्या कायद्याने तो घट्ट केला. १९९९ चा नवा कायदा १ जून २००० पासून लागू झाला आणि २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने व्यक्तीला वर्षाला २५,००० डॉलर बाहेर पाठविण्याची मुभा दिली. मर्यादा वाढत गेली आणि खिशात कार्ड आले. त्याबरोबर प्रवासवर्णनातून पैशाचा उल्लेखही विरळ होत गेला, असे माझे निरीक्षण आहे. हॉटेल, संग्रहालय, बर्फाचे डोंगर सारे सविस्तर येते. खर्च कोणी केला, मुलाने की कर्जाने, हे क्वचितच कळते. गोडसे मात्र जाताना घरावर कर्ज होते हे सांगतात, आणि परतताना आईवडिलांसाठी गंगेची कावड खांद्यावर आणली हेही सांगतात.

विद्यार्थ्याला मी त्या दिवशी ‘कसा’ या शब्दाचा अर्थ सांगितला. त्याचे आजोबा मुंबईहून गावी येताना पैसे धोतराच्या सोग्यात बांधून आणीत, असे तो म्हणाला.