उलटी तलवार : जेराल्डच्या चरित्रातील सरदारी संतत्व

मध्ययुगाच्या आरंभी ख्रिस्ती संतत्वाचे प्रमुख आदर्श हुतात्मा, बिशप व मठवासी यांचे होते. ज्याच्या हाती तलवार, जमीन आणि न्यायदानाचा अधिकार आहे असा सरदार संत ठरू शकतो काय, हा प्रश्न ऑरिलॅकच्या जेराल्डच्या (मृत्यू इ.स. ९०९) विस्तृत लॅटिन चरित्राच्या केंद्रस्थानी आहे. हे चरित्र परंपरेने क्लूनी मठाचा दुसरा मठाधिपती ओडो (इ.स. ९२७-९४२) याचे मानले जाते.

चरित्रकाराचे उत्तर संयम हे आहे. जेराल्ड विवाह नाकारतो, गरिबांना जेवू घालतो, मठ उभारतो. मठवासी होण्याची त्याची इच्छा असताही बिशप गॉसबेर्ट त्याला प्रपंचातच राहण्यास सांगतो. लढाईत तो सैनिकांना तलवारींची टोके मागे वळवून लढण्याची आज्ञा देतो व विजयी होतो. युद्धवर्णन म्हणून हे अविश्वसनीय, परंतु आदर्श म्हणून बोलके आहे : सत्ता त्यागायची नाही, तिची धार आवरायची. चरित्राची मर्यादाही येथेच दिसते. सरदाराची दया गौरविली जाते. ज्या व्यवस्थेमुळे रयतेला त्या दयेवर विसंबावे लागते, ती मात्र अबाधित राहते.

मॅथ्यू क्यूफ्लर यांनी २०१४ मध्ये हे विस्तृत चरित्र ओडोचे नसून अकराव्या शतकातील शाबानच्या अदेमारचे असल्याचे प्रतिपादन केले. ते स्वीकारल्यास हा आदर्श शतकभर पुढे सरकतो. तथापि, कर्ता कोणीही असो, तो मठवासीच आहे. म्हणून या ग्रंथातून जेराल्डच्या श्रद्धेपेक्षा सरदाराकडून मठाने बाळगलेल्या अपेक्षांचाच अधिक विश्वसनीय पुरावा मिळतो.