खिडकी हलते, पण नोंदी खऱ्या आहेत का?

प्रयोगाचा डेटा गोळा करायला स्वतःच छोटा प्रोग्राम लिहिणारे बरेच जण टीकिंटर वापरतात. ते पायथॉनसोबतच येतं, जुन्या लॅपटॉपवरही चालतं. पण खिडकी गोठली की एक उपाय हमखास सांगितला जातो: लूपमध्ये ‘अपडेट()’ टाका. माझा आक्षेप याच उपायावर आहे. तो दिसणारा दोष झाकतो आणि न दिसणारा तयार करतो.

आधी खिडकी का गोठते ते बघू. ‘मेनलूप()’ क्लिक, टायमर, चित्र पुन्हा काढणं ही कामं एकामागून एक घेतो. तुमच्या फंक्शनमध्ये ‘स्लीप(5)’ असेल, तर पाच सेकंद सगळी रांग थांबते.

आता समजा, तलवाड्याजवळच्या कापसाच्या शेतात मातीचा ओलावा दर सेकंदाला नोंदवायचाय. ‘सुरू’ बटणामागे लूप, त्यात सेन्सरचं वाचन आणि शेवटी ‘अपडेट()’. हे ‘अपडेट()’ तुमचं फंक्शन अर्धवट असतानाच रांगेतली बाकी कामं उरकतं. त्यात ‘सुरू’वरचा दुसरा क्लिक असेल, तर तेच फंक्शन पहिल्याच्या पोटात पुन्हा सुरू होतं आणि ते संपेपर्यंत पहिलं अडकून पडतं. खिडकी छान हलते, पण पहिल्या नोंदींत खिंडार पडतं. एरर कुठेच नाही! फक्त चित्र ताजं करायचं असेल तर ‘अपडेट_आयडलटास्क्स()’ आहे. ते क्लिक हाताळत नाही.

मग ‘आफ्टर(1000)’ लावलं की सुटलो? नाही. वाचायला 200 मिलिसेकंद लागत असतील आणि पुढची वेळ वाचनानंतर लावली असेल, तर दोन नोंदींत 1.2 सेकंद जातात. तासाला 3600ऐवजी 3000 नोंदी. ओळ क्रमांकालाच सेकंद मानलंत, तर तासाभराचा प्रयोग आलेखावर 50 मिनिटांत संपतो आणि ओलावा 20 टक्के जास्त वेगाने उतरलेला दिसतो. म्हणजे थेट निष्कर्षच चुकला.

हे पकडायचं कसं? प्रत्येक कॉलबॅकच्या सुरुवातीला आणि शेवटी ‘टाइम.मोनोटोनिक()’ची वेळ फाइलमध्ये लिहा. एकाचा शेवट येण्याआधी दुसऱ्याची सुरुवात दिसली, तर कॉलबॅक एकात एक शिरलेत. सुरुवात ते शेवट फार वेळ गेला, तर तोच रांग अडवतोय.

दुरुस्ती अशी: वाचन वेगळ्या थ्रेडमध्ये करा, प्रत्येक नोंद तिच्या वेळेसकट क्यूमध्ये टाका, आणि खिडकीने ‘आफ्टर()’ने फक्त क्यू रिकामी करावी. त्या थ्रेडमधून विजेटला हात लावू नका. लांबणारं काम खिडकीपासून वेगळं ठेवण्याची ही पद्धत मोठ्या प्रकल्पांतही दिसते. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पातलं ईसिम बघा: खिडक्या पायक्यूटीच्या, पण सर्किटचं सिम्युलेशन एनजीस्पाइस हा वेगळा प्रोग्राम करतो. क्यूटीतही ‘अपडेट()’चा भाऊ ‘प्रोसेसइव्हेंट्स()’ आहे, आणि क्यूटी 6चं डॉक्युमेंटेशनच तो टाळायला सांगतं.

शेतात जाण्याआधी प्रोग्राम एक तास घरी चालवा. खिडकी दोनचार वेळा ओढा, ‘सुरू’ मुद्दाम दोनदा दाबा. मग नोंदी मोजा. 3600च्या आसपास नसतील, तर गाईडला आलेख दाखवायची घाई करू नका.