जुन्या चित्रकथांचा जीर्णोद्धार आणि पाठनिर्णयाचा प्रश्न

जुन्या चित्रकथांचे संग्रह नव्याने छापताना ‘जीर्णोद्धार’ हा शब्द सर्रास वापरला जातो. परंतु जीर्णोद्धार नेमका कशाचा करावयाचा, याचा विचार क्वचितच होतो. चित्रकाराच्या हातच्या रेषेचा, की वाचकाच्या हाती पडलेल्या छापील पानाचा? मुंबईहून निघालेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’च्या मराठी अंकांच्या बाबतीत तरी हा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही.

ली फॉक यांची ‘फँटम’ ही मालिका १९३६ साली अमेरिकन वृत्तपत्रांत सुरू झाली. बेनेट, कोलमन आणि कंपनीने १९६४ मध्ये सुरू केलेले ‘इंद्रजाल’ १९९० पर्यंत चालले आणि त्याच्या मराठी अंकांत फँटम ‘वेताळ’ होऊन अवतरला. हे केवळ भाषांतर नव्हे. वृत्तपत्रातील चौकटी कापूनजुळवून पुस्तकाच्या पानात बसविण्यात आल्या. ‘बेंगाली’ हा प्रदेश ‘डेंकाली’ झाला, ‘सिंग’ चाचे ‘सिंगा’ झाले. शिवाय इंग्रजी अक्षरांच्या मापाने आखलेल्या संवादफुग्यांत मराठी मजकूर बसवावयाचा, म्हणजे वेलांट्या-मात्रांना वर आणि उकारांना खाली जागा करून द्यावयाची. त्या दाटीवाटीतही अक्षरलेखकाचे कसब असते. पण त्याची दखल घेण्याचे कोणाच्या मनातही येत नाही.

आता अमेरिकेतील स्वच्छ मूळ प्रती मिळवून त्यांवर संगणकाची मराठी अक्षरे बसविली, तर चित्रे निःसंशय उजळतील. परंतु जे पुस्तक हाती येईल ते मराठीत पूर्वी कधीच अस्तित्वात नव्हते. देवळाली प्रवरासारख्या गावातील एखाद्या घरी जुन्या ट्रंकेत फाटका मराठी अंक सापडला, तर संपादकाच्या दृष्टीने तो मूळ प्रतीचा निकृष्ट पर्याय नव्हे. तीच त्याची मूळ प्रत होय.

दोषांचीही प्रतवारी करावयास हवी. कागदाचा पिवळेपणा हा काळाचा परिणाम. रंगांचे ठसे एकमेकांवर नीट न बसल्यामुळे रेषेबाहेर सरकलेला रंग हा छापखान्याचा दोष. तो प्रतीगणिक बदलतो, म्हणून अनेक प्रती ताडून सुधारता येतो. रंगाच्या छटा ज्यांतून सिद्ध होतात ते बारीक ठिपके मात्र दोषच नव्हेत. ते पुसून गुळगुळीत कागदावर सपाट, भडक रंग भरण्याची आजची रीत म्हणजे शुद्ध अरसिकता. छायाप्रतीतील काळेपांढरेपणा अवाजवी वाढविला की कुंचल्याची बारीक रेषा तुटते आणि जाड रेषांमधील फटी बुजतात, ही हानी तर पुढे भरूनच निघत नाही. पीटर मरेस्का यांनी २००५ साली ‘लिटल नीमो’ची निवडक पाने मूळ वृत्तपत्राच्या आकारात छापताना जुन्या रंगांचा मऊपणा राखला. ते पुस्तक वाचणाऱ्याच्या मांडीवर मावत नाही, ही गोष्ट वेगळी!

‘अमर चित्रकथे’चे आरंभीचे अंक खर्चाच्या अडचणीपायी पिवळा, निळा, हिरवा अशा मोजक्या रंगांत निघाले होते. त्यांत पुढे सर्व रंग भरणे व्यवहाराला धरून असेल. त्याला पुनर्मुद्रण म्हणावे, जीर्णोद्धार म्हणू नये. पुण्याच्या भांडारकर संस्थेत विष्णु सीताराम सुकथनकर आणि त्यांच्यामागून आलेल्या संपादकांनी महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध करताना नाकारलेले पाठही तळटीपांत जतन केले. चित्रकथेच्या संपादकानेही, कोणती चौकट कोणत्या प्रतीवरून घेतली, कोठे रेषा नव्याने ओढली आणि कोणती अक्षरे बदलली, याची नोंद संग्रहाच्या शेवटी द्यावी. त्यासाठी दोन-तीन पाने पुरतात.