कणकेची दुसरी बाहुली

आमच्या वाडीतल्या पोरांना सध्या एका चित्रपटाने वेड लावले आहे, आणि गंमत अशी की तो चित्रपट अजून पडद्यावर आलेलाच नाही. नागपूरहून अमरावतीच्या रस्त्याला लागले की गोदामे आणि मालट्रकांच्या रांगा सुरू होतात, तीच आमची वाडी. येथे माणसे वजनकाट्याच्या भाषेत बोलतात. किती टन, किती भाडे, केव्हा पोचणार! अशा या रोखठोक गावात माझ्या हाताखालून शिकून गेलेली, आता कोणी कॉलेजात तर कोणी गोदामात लागलेली पोरे संध्याकाळी चहाच्या टपरीवर उभी राहून हस्तर नावाच्या एका भुकेल्या देवाची चर्चा करतात. हस्तर पुन्हा येणार का, विनायकाचा मुलगा त्या वाड्यात परतणार का, विहिरीखालचे ते गर्भागार अजून उघडेच आहे का! परवा त्यांच्यातल्या एकाने मलाच विचारले, “सर, तुम्ही कादंबऱ्या लिहिता, मग तुम्हीच सांगा ना, पुढे काय होईल?”

कादंबरीकाराला याहून अवघड प्रश्न नाही. सौंदर्यशास्त्राची पोथी मी कधी उघडलेली नाही. पण गोष्ट कोठे संपते आणि कोठे नुसती थांबते, हे कळण्यासाठी मी बरीच पाने फाडली आहेत. त्या अनुभवावरच पुढचे लिहितो.

‘तुंबाड’ हा हिंदी चित्रपट १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला. त्याआधी व्हेनिसच्या महोत्सवात जाऊन आलेला, पण थिएटरात त्याने काही फार गर्दी खेचली नाही. मग तो घरोघरच्या आणि हातोहातच्या छोट्या पडद्यांवर पाहिला गेला, एकाने दुसऱ्याला सांगितला, आणि १३ सप्टेंबर २०२४ रोजी पुन्हा थिएटरात लागला तेव्हा त्याने पहिल्या खेपेपेक्षा जास्त गल्ला गोळा केला. त्याच वेळी दुसरा भाग जाहीर झाला. विनायकाची भूमिका करणारे आणि चित्रपटाचे एक निर्माते असलेले सोहम शाह तो आणणार आहेत. पहिल्या भागाचे दिग्दर्शक राही अनिल बर्वे मात्र त्यात नाहीत. वाट पाहणे तेव्हापासून सुरू आहे.

आता वाट पाहणे ही काही नवी गोष्ट नव्हे. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ काढले आणि आपल्या कादंबऱ्या त्यातून प्रकरणाप्रकरणाने दिल्या, तेव्हाचा वाचकही पुढच्या अंकासाठी टपालवाल्याची वाट पाहत असेलच. पण वाटेवाटेत फरक असतो. ‘बाहुबली’चा पहिला भाग १० जुलै २०१५ रोजी आला आणि कटप्पाने बाहुबलीला का मारले, हा प्रश्न टाकून निघून गेला. उत्तर मिळाले २८ एप्रिल २०१७ रोजी. मधली पावणेदोन वर्षे हा प्रश्न लग्नाच्या पंगतीत, शाळेच्या स्नेहसंमेलनात आणि ट्रकच्या मागच्या फळीवरसुद्धा होता. ही उधारीची वाट झाली. दुकानदाराने माल अर्धा दिला, पैसे पुरे घेतले, आणि बाकीसाठी ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणून सांगितले. गिऱ्हाईक येणारच! त्यात कारागिरी आहे, लबाडीही थोडी आहे. पण व्यवहार चोख आहे.

‘तुंबाड’ने कोणाचे काहीच देणे ठेवलेले नाही. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगतो. समृद्धीच्या देवीचा पहिला मुलगा हस्तर. त्याला देवीजवळचे सारे सोने हवे होते आणि सारे धान्यही. सोने त्याने घेतले. धान्याला हात घालणार तोच इतर देवांनी त्याच्यावर हल्ला केला. आईने त्याला वाचवले, पण एका अटीवर: याची पूजा कोणी करायची नाही, याचे नाव कोणी काढायचे नाही. कोकणातल्या तुंबाड गावी एका घराण्याने ही आज्ञा मोडून त्याचे देऊळ बांधले, आणि गावावर अखंड पावसाचा शाप आला. त्या घराण्याच्या वाड्यात १९१८ साली विनायक हा पोरगा एका सोन्याच्या मोहरेसाठी जीव टाकतो. १९३३ साली तो परत येऊन आपल्या मुळाशी पोचतो. १९४७ साली, देश स्वतंत्र होत असताना, आपल्या मुलाला, पांडुरंगाला, तोच धंदा शिकवतो. धंदा असा: दोर लावून देवीच्या उदरात उतरायचे, पिठाचे रिंगण आखायचे, कणकेची बाहुली पुढे टाकायची, आणि धान्याचा भुकेला हस्तर ती खात असेपर्यंत त्याच्या लंगोटीतून जमतील तेवढ्या मोहरा ओढून वर यायचे.

येथे मला थोडे थांबावेसे वाटते. हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा घरात लक्ष्मीपूजन नुकतेच झाले असेल किंवा व्हायचे असेल. चौरंगावर पैसा आणि दागिना असतो, पण त्याच्या शेजारी लाह्या-बत्तासे असतात, धणे असतात, आणि केरसुणीलाही हळदकुंकू लागते. नुसत्या सोन्याची पूजा आपल्या आयाबायांनी कधी मांडली नाही. धान्य शेजारी हवेच. हस्तराजवळ जगातले सगळे सोने आहे आणि खायला कणकेचा एक गोळा नाही. एवढी साधी, स्वयंपाकघरातली कल्पना घेऊन या माणसांनी भयाची एवढी मोठी इमारत उभी केली, हे मला या चित्रपटाचे खरे बळ वाटते. राक्षसाचे दात आणि रक्त कोणालाही रंगवता येते. भूक रंगवायला जास्त डोळे लागतात.

आणि शेवट? बाप एकेक बाहुली नेत होता. पोराच्या डोक्यात कल्पना येते की पुष्कळ बाहुल्या नेल्या तर हस्तराला गुंतवून सबंध लंगोटीच पळवता येईल. नेतात. तर जितक्या बाहुल्या, तितके हस्तर! मुलाला वाचवण्यासाठी बाप साऱ्या बाहुल्या स्वतःच्या अंगाला बांधून वर चढतो, आणि मग शाप भोगत असलेला, विद्रूप झालेला तो बाप लंगोटी मुलापुढे धरतो. मुलगा ती घेत नाही. बापाला अग्नी देतो आणि निघून जातो. तीन पिढ्यांची हाव एका नकाराने थांबते. कथेचे दार आतून लावून घेतले आहे. बाहेर कडीही नाही.

मग पोरे कशाची वाट पाहताहेत? यावर एक सोपे प्रवचन झोडता येईल, आणि काही समीक्षकमित्रांनी ते माझ्यासमोर झोडलेही: एका मोहरेत समाधान न मानणाऱ्या विनायकाची ही गोष्ट, आणि एका चित्रपटात समाधान न मानणारे हे प्रेक्षक, पाहा, तेही दुसरी बाहुली घेऊन विहिरीत उतरायला निघाले! वाक्य टाळ्या घेणारे आहे. पण मला ते पटत नाही. निर्मात्याच्या बाबतीत ते खरे ठरेल की नाही, हे चित्रपट आल्यावर दिसेल. पोरांच्या बाबतीत ते अन्यायाचे आहे. मोहर खर्च होते. भीतीची गोष्ट खर्च होत नाही. लहान मूल आजीला कालचीच गोष्ट पुन्हा सांगायला लावते, तेव्हा आपण त्याला हावरट म्हणत नाही. शेवट त्याला ठाऊकच असतो. त्याला हवा असतो तो अंधार, आजीचा आवाज, आणि पांघरुणातून बाहेर राहिलेला स्वतःचा एक पाय!

‘तुंबाड’चा जन्म तसाच झाला आहे, आणि तो आमच्या मुलखात झाला आहे, हे नागपूरकरांनाही फारसे माहीत नसते. बर्वे यांनी सांगितले आहे की १९९३ साली, पोरसवदा वयात, ते नागझिऱ्याच्या अभयारण्यात असताना एका मित्राने त्यांना नारायण धारपांची एक कथा सांगितली आणि त्यांची गाळण उडाली. नागझिरा म्हणजे वाडीपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवरचे, व्यंकटेश माडगूळकरांनी ज्यावर अख्खे पुस्तक लिहिले ते रान. तेथली रात्र ज्यांनी काढली आहे त्यांना मी अधिक सांगायला नको. पहिल्यांदा ती कथा त्यांनी वाचली नाही, ऐकली. आणि ऐकली तीही कशी, तर भोवती साग-बांबूचे काळे रान असताना. धारपांची ‘आजी’ ही कथा तरी कोठून आली? ती स्टीफन किंग या अमेरिकन लेखकाच्या एका कथेवर बेतलेली. म्हणजे अमेरिकेतली म्हातारी पुण्याच्या लेखणीतून मराठी झाली, रानात एका पोराच्या तोंडून बोलली, आणि कोकणातल्या वाड्यात साखळदंडाने बांधली गेली. चित्रपटाचे नाव श्री. ना. पेंडशांच्या १९८७ सालच्या ‘तुंबाडचे खोत’वरून सुचलेले. दिग्दर्शक म्हणजे ‘थँक यू मिस्टर ग्लाड’ लिहिणाऱ्या अनिल बर्व्यांचा मुलगा आणि शाहीर अमर शेखांचा नातू. इतक्या हातांतून आलेली गोष्ट ‘आता संपली, पुढे कोणी सांगायची नाही’ असे म्हणणारे आपण कोण?

तेव्हा दुसऱ्या भागाला माझी हरकत नाही. माझी तक्रार निराळीच आहे, आणि ती थोडी घरातली आहे. ज्या धारपांच्या कथेने ही ठिणगी पडली, त्यांना आपल्या समीक्षेने कधी ओट्यावर बसवले का? १९२५ साली जन्मलेला आणि २००८ साली गेलेला हा लेखक आयुष्यभर लिहीत राहिला. त्यांचे ‘समर्थ’ आणि ती हकिकत सांगणारे अप्पा यांची पुढची कादंबरी लायब्ररीत आली का, म्हणून विचारायला माणसे खेपा घालीत. पुस्तकांची शिवण सुटेपर्यंत ती वाचली गेली. अंतरकरांच्या ‘नवल’सारख्या अंकांनी अद्भुताला मानाने जागा दिली. पण वाङ्मयाच्या इतिहासात भयकथेला जागा शोधायची तर तळटिपेत भिंग घेऊन बसावे लागते. ग्रामीण कादंबरी, सामाजिक कादंबरी, दलित आत्मकथन यांचे ऋण मी मानतो. मीही त्याच पंगतीत जेवतो. तरी जी कथा वाचून चार पिढ्यांनी रात्री परसात जायचे टाळले, तिच्यात काय कसब आहे, हे कोणी प्राध्यापकाने बसून सांगितले असते, तर आज वाडीच्या टपरीवरच्या पोरांना आपली भूक भागवायला हिंदी चित्रपटाच्या दुसऱ्या भागाची वाट पाहत बसावे लागले नसते. गोष्टीचे बी मराठी, भूमी मराठी, नावे विनायक, सदाशिव, पांडुरंग; आणि ती बोलते हिंदी! बर्व्यांना यात दोष देत नाही. एवढा खर्च पेलणारा बाजार मराठीला नाही, हे उघड आहे. बोचते ते बोचतेच.

मराठीतही दुसऱ्या भागाची वाट पाहिली गेली आहे, हे येथे विसरता कामा नये. योगायोग असा की जे १९९३ साल नागझिऱ्याचे, तेच महेश कोठाऱ्यांच्या ‘झपाटलेला’चे. तात्या विंचू हा बाहुला रामदास पाध्यांनी नाचवला आणि दिलीप प्रभावळकरांच्या आवाजात तो घराघरांत शिरला. वीस वर्षांनी, २०१३ साली, ‘झपाटलेला २’ आला, तोही डोळ्यांना चष्मे लावून पाहायचा. बाहुला तोच होता, आवाजही तोच. पण लक्ष्मीकांत बेर्डे २००४ सालीच गेले होते. पहिल्या भागात बाहुल्याची भीती वाटत होती ती बाहुल्यामुळे नव्हे. त्याच्यापुढे घामाघूम होणारा, खोटे बोलता न येणारा तो साधा माणूस आपल्या घरातला वाटत होता म्हणून. भीती भुताच्या चेहऱ्यावर नसते, पाहणाऱ्याच्या चेहऱ्यावर असते. दुसऱ्या भागात भूत वाढले, खोली वाढली, आणि घाबरणारा माणूस हरवला.

‘तुंबाड’च्या पुढच्या भागाबद्दल मला धास्ती आहे ती हीच. पोरे विचारतात हस्तर किती मोठा असेल, किती असतील, सोने किती असेल. जाहिरात करणाऱ्यांना असले प्रश्न आवडतात, कारण त्यांची उत्तरे पैसे ओतून देता येतात. पण मला विचाराल तर पहिल्या भागात सगळ्यांत भयंकर जागा हस्तराची नाहीच. म्हातारीच्या देहातून झाड उगवलेले असते आणि विनायक तिच्याशी सौदा करीत उभा असतो, ती जागा भयंकर. आणि आपला बाप काय करतो हे पोरगा हळूहळू, अगदी आवडीने शिकत जातो, ती त्याहून भयंकर. मी वर्गात उभा राहून शिकवणारा माणूस आहे. लहान मूल वाईट गोष्ट किती चटकन आणि किती हुशारीने उचलते, हे मला कोणी चित्रपटातून सांगायला नको होते. तरी त्या पोराचा उत्साह पाहताना मी खुर्चीत आक्रसलो.

दुसरा भाग लिहिणाऱ्याला माझ्या मते एकच खरा धागा मोकळा आहे. हस्तराला सोने मागायला सगळे गेले. पोटभर धान्य द्यायला कोणी गेले नाही. कणकेची बाहुली हे आमिष होते, जेवण नव्हते. पांडुरंगाच्या पिढीचे कोणी उद्या मोहरेसाठी न जाता ताट घेऊन त्या विहिरीत उतरले तर काय होईल? देवांनी घातलेली अट मोडेल, की शाप फिटेल? मी हे त्या पोराला सांगितले. तो जरा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “सर, पण मग भीती कोठून येणार?” मी म्हटले, ज्याला शतकानुशतके कोणी जेवायला वाढले नाही, त्याच्यासमोर ताट ठेवून बघ, म्हणजे कळेल. बाकीची पोरे हसली. तो हसला नाही.

चित्रपट आला की मी पहिल्याच खेळाला जाणार आहे, बर्डीवर तिकीट मिळाले नाही तर दुसऱ्या दिवशी. हस्तराकडे मी उशिरा पाहीन. आधी पाऊस पाहीन. पहिल्या भागाचे चित्रीकरण २०१२ साली सुरू झाले, २०१५ साली पुष्कळसे पुन्हा केले गेले, आणि ते लोक खऱ्या पावसाळ्यासाठी थांबत राहिले. म्हणून त्या चित्रपटातले दगड, कौले, माणसांच्या पाठी, सगळे आतपर्यंत भिजलेले दिसते. नव्या मंडळींनी पावसासाठी तेवढी कळ काढली आहे की नळाला पाइप जोडला आहे, हे पहिल्या पाच मिनिटांत कळेल.